चाळीसपैकी सात

३ मार्च

प्रिय आत्या,

नमस्कार. हात जोडलेत असं समज. खरोखर जोडले तर चिकटून बसतील, कोपरापर्यंत शाई आहे.

सोबत पुठ्ठ्याचं एक नळकांडं येतंय. उघडताना सुरी जपून चालव. कुठलीही वस्तू बाहेर काढताना तू निम्मी कापतेस, हा तुझा लौकिक आहे. आत माझं चित्र आहे. सात वर्षं मास्तरांच्या छापखान्यात मी दुसऱ्यांची चित्रं छापली. माझी सही असलेलं हे पहिलं. मोजक्याच प्रती काढल्या. नाव ठेवलंय ‘फळा’.

चार रंग आहेत, म्हणजे चार जाळ्या लागल्या. लाकडी चौकटीवर बारीक जाळी ताणलेली असते, तिच्यावर शाई ओतायची आणि रबरी पट्टीने एका दमात खेचायची. एक रंग वाळला की दुसरा. कागद केसभर सरकला तरी आकारांच्या मध्ये नको ती पांढरी रेघ डोकावते. मग मास्तर रागावत नाहीत, बोलत नाहीत, फक्त चष्मा काढून टेबलावर ठेवतात. त्यांनी चष्मा काढला की समजायचं, प्रत बाद.

चित्राच्या खाली डाव्या कोपऱ्यात पेन्सिलीने एक आकडा आहे. तो नीट बघ. बघून काही आठवलं तर कळव.

२० एप्रिलपासून प्रदर्शन आहे आणि तू यायचंच आहेस. फोन करत नाही, कारण तुझं म्हणणं मला पाठ आहे, की फोनवर मी नुसती हो-हो करते. तेव्हा पत्राने कळव, पण हो असंच कळव.

तुझी,
टिंब

९ मार्च

चि. टिंब,

आशीर्वाद. टाइप केलेले असले तरी खरे आहेत. शाळेने अडगळीत टाकलेला टाइपरायटर मी गेल्या वर्षी घरी आणला, तेव्हापासून तो सोडवत नाही. अक्षर दिसत नाही म्हणून रुसू नकोस. अडुसष्टाव्या वर्षी नवी विद्या शिकते आहे, त्याचं कौतुक कर.

सुरी जपून चालवली. चित्र भिंतीला लावलं, चार पावलं मागे गेले, बसले, उठले, पुन्हा पाहिलं. तो हिरवट काळा रंग आपल्या वर्गातल्या फळ्याचा, लगेच ओळखला. पिवळा त्रिकोण म्हणजे माझा मोठा लाकडी गुण्या. कोनमापक लावून मोजला. तीस, साठ, नव्वद. शाब्बास. निळे पट्टे कशाचे ते कळलं नाही, पण एकमेकांना समांतर आहेत, तेव्हा तक्रार नाही.

मग आकडा पाहिला. सात भागिले चाळीस! टिंबे, आठवलं, चांगलंच आठवलं. आठवीची सहामाही, भूमिती. तेव्हाही सातच होते आणि ते देणारी मीच होते. पण तेव्हा तू चौदा वर्षांची होतीस. तेहेतीस वर्षांच्या बाईला, सात वर्षं राबल्यावर, चाळीसपैकी सात देणारा हा कोण शहाणा? आणि तेही साध्या शिसपेन्सिलीने! अडतीस वर्षांच्या नोकरीत शिसपेन्सिलीने गुण देणारा परीक्षक मी पाहिला नाही. उद्या कोणी जाब विचारला तर खोडायची सोय करून ठेवली आहे वाटतं.

तू मनाला लावून घेऊ नकोस. तुझ्या वडिलांना मी काही सांगणार नाही. मी माझ्या परीने बघते काय करता येतं ते.

एकच चूक दिसली, तीही आत्या म्हणून नाही, बाई म्हणून सांगते. पांढरं वर्तुळ वर उजवीकडे जुळलेलं नाही. करंगळीच्या नखाएवढी फट राहिली आहे. घाईत झालं असेल. पुढच्या वेळी कंपास वापर.

२० तारखेचं जमेलसं वाटत नाही. गुडघे कुरकुरतात.

आत्या

९ मार्च

मा. परीक्षक,
चित्रे व छपाई विभाग,
यांस,

विषय : गुणांची फेरतपासणी होणेबाबत.

महोदय,

मी निवृत्त भूमिती शिक्षिका असून, ‘फळा’ या चित्रास आपण चाळीसपैकी सात गुण दिलेत ती विद्यार्थिनी माझी सख्खी भाची आहे. नात्यामुळे माझं मत आपण बाजूला ठेवाल, म्हणून केवळ मोजलेलं लिहिते. त्रिकोणाचे कोन अचूक आहेत. समांतर रेषा समांतर आहेत. रंग एकमेकांवर चढलेले नाहीत. एवढ्यावरच निम्मे गुण होतात.

आता वर्तुळ. ते जुळत नाही म्हणून आपण हात आखडता घेतला असेल, तर कृपया पुढचं वाचावं.

ती चूक तिची नाही. फळ्यावर हाताने वर्तुळ काढावं तर आमच्या बाईंनी, असं शाळेत म्हणायचे. त्या बाई म्हणजे मी. गेल्या वर्षापासून माझा उजवा हात थरथरतो. कोणाला सांगितलेलं नाही. वाचनालयाच्या माडीवर मी आठवड्यातून दोनदा मुलींना भूमिती शिकवते. हे कळलं तर तो वर्ग बंद होईल, आणि माझा भाऊ मला उचलून स्वतःच्या घरी नेईल. तो मायेनेच नेईल, पण तिथे फळा नाही. भाची जानेवारीत आली होती, तेव्हा घरातल्या फळ्यावर मी एक वर्तुळ काढून पाहिलं. ते जुळलं नाही. मी लगेच पुसलं. ती मागे दारात उभी होती. तिने पाहिलं नसावं असं दोन महिने मी स्वतःला समजावत होते. आता चित्रात तीच फट, त्याच जागी आहे.

मला वाईट वाटलं, हे कबूल करते. पण जे दिसलं तेच तिने काढलं आहे, आणि खरं उत्तर लिहिणाऱ्याचे गुण कापायचे नसतात. त्या फटीसाठी कोणाला शून्य द्यायचं असेल तर ते मला द्यावं.

हे पत्र तिला दाखवू नये. अर्जावर सही हाताची लागते, म्हणून खाली केली आहे. अक्षराबद्दल क्षमस्व.

आपली विश्वासू,
(सही)

१४ मार्च

आत्या गं,

तुझं पत्र वाचून मी इतक्या जोरात हसले की मास्तरांनी चष्मा काढला आणि चार नंबरच्या टेबलावरचा कागद हलला.

ते गुण नाहीत! चित्राच्या चाळीस प्रती काढल्या, त्यातली ही सातवी. पहिलीपासून चाळिसावीपर्यंत प्रत्येक प्रतीवर असा आकडा लिहितात, म्हणजे घेणाऱ्याला कळतं, एकूण किती आहेत आणि आपली कितवी. सातवी कुठल्याही दुसरीपेक्षा कमी नसते. चाळीस झाल्या की जाळी धुऊन टाकायची. मग एक्केचाळिसावी कोणी कितीही मागितली तरी निघत नाही. पेन्सिल वापरतात ती रीत म्हणून. परीक्षक वगैरे इथे कोणी नाही. आहेत ते मास्तर, आणि त्यांचा चष्मा.

आता माझं गुपित ऐक. मास्तर म्हणत होते पंचवीस प्रती पुरेत. मी हट्टाने चाळीस काढल्या, फक्त तुला सात नंबरची पाठवता यावी म्हणून. मला वाटलं, बघताक्षणी तू हसशील. तू तर लढाईलाच उभी राहिलीस!

तो पेपर आठवतो ना? मी सगळी वर्तुळं हाताने काढली होती. तू फळ्यावर काढायचीस ना, खांदा स्थिर, मनगट मोकळं, एका फटक्यात, आणि सुरुवात कुठली नि शेवट कुठला ते शोधूनही सापडायचं नाही. मला वाटायचं, भूमिती म्हणजे हेच. तू लाल पेन्सिलीने लिहिलंस, ‘कंपास कुठे आहे?’ आणि सगळ्या वर्गासमोर सात गुण दिलेस. घरी आल्यावर मात्र म्हणालीस, बाईंचं काम संपलं, आता रडायचं तर आत्याच्या मांडीवर रड. मी रडलेही.

फटीचं म्हणशील तर ती मुद्दाम ठेवली आहे. आजकाल असंच करतात. चित्र जरा मोकळं वाटतं.

आणि गुडघ्यांचं निमित्त चालणार नाही. प्रदर्शनाच्या दालनात बसायला बाकं आहेत, मी मोजून आले.

टिंब

ता. क. ‘मी माझ्या परीने बघते’ म्हणजे काय? आत्या, तू काही केलं तर नाहीस ना?

१८ मार्च

मा. परीक्षक,
(हे पद आपल्याकडे नाही असं कळतं, तेव्हा पाकीट ज्यांनी फोडलं असेल त्यांस,)

दि. ९ चा माझा अर्ज न वाचता परत पाठवावा. वाचला असल्यास विसरावा. अर्धा वाचला असल्यास उरलेला अर्धा वाचू नये.

तो माझ्या भाचीच्या हाती पडला असेल, तर तेवढं एका ओळीने कळवावं. मी झोपलेली नाही.

(सही)

२२ मार्च

आदरणीय बाई,

नमस्कार. तुमच्या भाचीचा मास्तर तो मी. पत्रं लिहायची सवय नाही, चुकलं तर सांभाळून घ्या.

अर्ज तिच्या हाती पडलेला नाही. पाकिटावर छापखान्याचा पत्ता आणि ‘परीक्षक’ एवढंच होतं. दुसऱ्याचं काम तपासायचं काम इथे माझ्याकडेच आहे, म्हणून मी फोडलं. पूर्ण वाचला. दोनदा वाचला. शाईच्या वहीखाली ठेवला होता, तो सोबत परत पाठवतो. विसरायचं तेवढं मात्र जमणार नाही.

तुम्हाला वाटतं, तिने तुमची फट बघितली आणि तशीच उतरवली. ते तसं झालेलं नाही. मी तिथे होतो, म्हणून सांगतो.

त्या वर्तुळाची जाळी तिने आधी कंपास लावून केली. चोख झाली. मी म्हटलं, छाप. तिने ती पुसून टाकली. दुसऱ्या दिवशी तिने वर्तुळ हाताने काढलं. बाई, तेही जुळलं! तुमचा हात तिच्यात आला आहे, हे तुम्ही कधी तपासलं आहेत का ठाऊक नाही. तेही तिने पुसलं. तिसऱ्या दिवशी ती बराच वेळ हात वर धरून उभी राहिली. मग काढलं, आणि शेवटाला टेकायच्या जरा आधी हात उचलला. मी चष्मा काढला. म्हटलं, जुळवता येतं तर सोडलंस का? ती म्हणाली, “मास्तर, हे माझ्या आत्याचं आहे. मी जुळवलं तर ते माझं होईल.”

मी चष्मा परत लावला. काढलेला चष्मा मी परत लावतो असं इथे कधी होत नाही.

तुमच्या सहीबद्दल एक. हाताने काम करणाऱ्या माणसाला ती बघितल्यावर सांगावं लागत नाही. माझं मनगट दोन वर्षांमागे गेलं. रबरी पट्टी आता तीच खेचते, मी उभा राहून नावं ठेवतो. हे छापखान्यात सगळ्यांना माहीत आहे, आणि छापखाना चालू आहे.

तिला मी काही सांगणार नाही. तुम्ही सांगा.

भूमितीत मला सातसुद्धा कधी पडले नाहीत, हे जाता जाता कळवतो.

आपला,
मास्तर

४ एप्रिल

प्रिय आत्या,

तीन आठवडे झाले, तुझं पत्र नाही. तुझ्याकडून उत्तर नाही म्हणजे एकतर तू फार चिडली आहेस, नाहीतर फार घाबरली आहेस. मास्तर माझ्याशी गोड बोलायला लागलेत. काल त्यांनी विचारलं, “घरी पत्र टाकलंस का?” सात वर्षांत त्यांनी मला शाईखेरीज काही विचारलेलं नाही. तिकडे काय चाललंय ते मला कळत नाही, पण इकडे काय चाललंय ते सांगते.

चित्र मोकळं वाटावं म्हणून फट ठेवली, ही मी तुला थाप मारली. जानेवारीत मी दारात उभी होते. तू वर्तुळ काढलंस, मनगट थोडं हललं, खडू वर उजवीकडे घसरला. तू इतक्या घाईने पुसलंस की मला पुढे येऊन काही बोलता आलं नाही. मी पाय न वाजवता मागे गेले आणि बाहेरून ‘आत्या, चहा टाकू का?’ अशी हाक मारली. आठवतं? तुझ्या पत्राखालची सहीसुद्धा टाइप केलेली बघते तेव्हा मला तो खडू दिसतो.

तिथून आल्यावर मला दुसरं काही काढताच येईना. माझ्या मनातलं सगळ्यात सुंदर वर्तुळ तेच होतं. पण तुला विचारायला हवं होतं. तू जे पुसलंस ते मी चाळीस वेळा छापलं, तुला न विचारता, आणि वर एक प्रत तुझ्याच भिंतीवर पाठवली. माझ्या डोक्यात सात नंबरची गंमत होती. तुला ते चित्र बघून काय वाटेल, हे मला नळकांडं पाठवल्यावर सुचलं. अशी मी शहाणी.

जाळी धुतली आहे. चाळीसच्या चाळीस प्रती इथे कपाटात आहेत, तुझी धरून, म्हणजे एकोणचाळीस. बघ, मोजायलासुद्धा धड सुचत नाही. त्या अजून कोणी पाहिलेल्या नाहीत. तू म्हणालीस तर मी त्या फाडीन. प्रदर्शनाच्या भिंतीवर दुसऱ्या कोणाचं काहीतरी लागेल, मास्तरांशी मी बोलेन. मला वाईट वाटेल, पण तू मान खाली घालून बसलेली मला चालणार नाही.

हो किंवा नाही एवढंच लिही. टाइप केलंस तरी चालेल.

तुझीच,
टिंब

११ एप्रिल

माझी टिंब,

हे हाताने लिहिते आहे. वाचायला त्रास होईल. हळू वाच, मीही हळूच लिहिलं आहे. सकाळी बसले, आता जेवायची वेळ झाली.

फाडायचं नाव काढलंस तर गाठ माझ्याशी आहे. आणि कपाटात एकोणचाळीस आहेत हे दुसऱ्या प्रयत्नात बरोबर मोजलंस, त्याचे गुण देते.

मी घाबरले होते. तुझ्या मास्तरांना मी काय लिहिलं आणि त्यांनी मला काय लिहिलं, ते आल्यावर सांगेन. मला तोंड लपवायला जागा राहणार नाही, पण सांगेन. माणूस चांगला आहे. भूमिती कच्ची आहे.

डॉक्टरबाईंकडे जाऊन आले. गोळ्या दिल्या आहेत. त्या म्हणाल्या, थरथर कमी होईल, पूर्ण जाणार नाही. हे ऐकायला लागू नये म्हणून मी वर्षभर लपत होते आणि ऐकायला तीन मिनिटं लागली. तुझ्या वडिलांनाही कळवलं. तो अपेक्षेप्रमाणे गाडी घेऊन यायला निघाला होता. त्याला सांगितलं, ये, जेव, आणि एकटा परत जा.

मंगळवारी वर्गात खडू मी घेतला. वर्षभर मी मुलींनाच फळ्याशी पाठवत होते, आणि त्यांना वाटत होतं बाई नव्या पद्धतीने शिकवतात. मी वर्तुळ काढलं. उघडं राहिलं. पुढच्या बाकावरची एक म्हणाली, “बाई, जोडून देऊ?” मी म्हटलं, नको. माझा हात आता असा चालतो, जुळणार नाही. आधी सांगा, याचं केंद्र काढता येईल का? लागल्या कामाला. दोन जीवा काढल्या, दोन्हींचे लंबदुभाजक काढले, आणि ते जिथे छेदले तिथे केंद्र सापडलं. मी पट्टीने तपासलं. जिथे असायला हवं तिथेच होतं. वर्ग गुरुवारीही भरला. एक मुलगी वाढली आहे.

मला वाईट वाटलं होतं, ते तुझ्यापासून लपवत नाही. आता तुझं चित्र रोज बघते. माझ्या हाताचं एवढं सुंदर कोणी काही केलेलं नाही. वर्गातल्या मुलींनाही दाखवलं. त्यांनाही ते गुणच वाटले, तेव्हा मी एकटीच अडाणी नाही.

२० तारखेला येते. गुडघ्यांना काही झालेलं नाही, कधीच झालं नव्हतं. चहा अर्धा कपच दे, भरलेला बशीत सांडतो, आणि माझ्याकडे सारखी बघत बसू नकोस.

सोबत एक कागद आहे. तुझा आठवीचा पेपर. बाकीचे शाळेने रद्दीत घातले, हा मी पेटीत ठेवला होता. का ठेवला ते तेव्हा कळलं नव्हतं. परवा काढून बसले आणि सगळी वर्तुळं मोजली, चारही बाजूंनी व्यास घेऊन. टिंबे, एकही वाकडं नाही! चौदा वर्षांच्या हाताने काढलेली, आणि कुठे सुरू होऊन कुठे संपली ते मला सापडलं नाही. तेव्हा मी मोजलीच नव्हती. कंपासच्या खुणा नाहीत एवढंच बघितलं आणि लाल रेघ ओढली. तुझा हात मला वीस वर्षांपूर्वी दिसायला हवा होता. चूक माझी, बाई म्हणूनही आणि आत्या म्हणूनही.

फेरतपासणी केली आहे. सातावर काट मारून शेजारी लाल पेन्सिलीने नवे गुण लिहिले आहेत. ते एकोणचाळीस आहेत. नऊ जरा हलला आहे, एकतीस वाचू नकोस. एक गुण कापला, कारण कंपास तू घरी विसरली होतीस.

तुझी आत्या,
आणि यावेळी बाईसुद्धा